सर्व्हिस वेळेवर, तरी पोकलेन दुपारी गरम होऊन मंद का पडतं?

इंजिन ऑइल आणि डिझेल फिल्टर 500 तासांना, हायड्रॉलिकचा रिटर्न फिल्टर आणि स्विंगचं गिअर ऑइल 1000 ला. सगळं वेळेवर. वहीत सह्या आहेत, फिल्टरवर मार्करने तास लिहिलेत. तरी दर दोन-तीन आठवड्यांनी ऑपरेटरचा फोन ठरलेला: "भाऊ, तापमानाचा काटा वर चाललाय, बूम (मशीनचा मोठा हात) उचलायला वेळ लागतोय." अर्धा तास मशीन उभं केलं की पुन्हा ताजंतवानं. चार वाजता परत तेच गाऱ्हाणं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो पंप उघडण्याचा. मलाही मिळाला होता, आणि तोही ठामपणे. ऐकला असता तर मोठा खर्च झाला असता आणि पुढच्या पंधरवड्यात मशीन पुन्हा गरम झालं असतं, कारण पंपात काही नव्हतंच. दोष कसा सापडला ते खाली सविस्तर लिहितोय. मशीन वीस टनांच्या गटातलं आहे, पण चेनवर चालणाऱ्या कुठल्याही पोकलेनला हीच पद्धत लागू पडते. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपण कुठल्याही कंपनीच्या एक्सकॅव्हेटरला तेच म्हणतो, मीही तेच म्हणणार.)

आधी वही, मग पाना

दुखणं परत येतंय ना? मग ते किती तासांनी परत येतंय हे बघा. याच्याइतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. तारखा बघू नका, तारखा फसवतात. मध्ये मशीन चार दिवस पावसाने उभं असतं, दोन दिवस डिझेलवाचून. आवर मीटरचे आकडे घ्या.

आमच्याकडे दर वेळी मशीन गरम झालं की हेल्पर कूलरवर (ऑइल थंड करणारी जाळी) कॉम्प्रेसरची एअर मारायचा आणि मशीन सुधारायचं. मी फक्त एवढंच केलं की त्या प्रत्येक दिवसाचे तास एका ओळीत लिहून काढले: 4112, 4190, 4255, 4301. वजाबाकी केली तर मधली अंतरं आली 78, 65 आणि 46 तास.

पंप झिजलेला असता तर नुसत्या एअरने मशीन पुन्हा आठवडाभर सुरळीत चाललं नसतं. थर्मोस्टॅट अडकत असता तर अंतरात काही मेळच नसता, कधी दहा तास तर कधी दोनशे. इथे साफ केलं की बरं वाटतं, पण दर वेळी ते बरं वाटणं थोडं कमी टिकतं. म्हणजे साफसफाईनंतरही कचरा कुठेतरी शिल्लक राहतोय, आणि दर वेळी थोडा आणखी आत ढकलला जातोय.

तुमच्या वहीत अंतर जवळपास सारखंच येत असेल, समजा दर वेळी सत्तरच्या आसपास, तर साफसफाई नीट होतेय, फक्त उशिरा होतेय. ती पन्नास तासांवर आणा आणि विषय संपवा. अंतराला काहीच मेळ नसेल पण गरम होणं ठराविक कामातच दिसत असेल, तर खालचा ब्रेकरचा (बकेटऐवजी लावायचा दगड फोडणारा हातोडा) भाग आधी वाचा.

कुठला काटा आधी चढतो?

"मशीन गरम झालं" एवढ्यावर समाधान मानू नका. बहुतेक मशीनच्या मॉनिटरवर दोन तापमानं वेगळी दिसतात, एक कूलंटचं (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि एक हायड्रॉलिक ऑइलचं (ज्याच्या प्रेशरवर बूम-बकेट हलतात ते). ऑपरेटरला विचारा आधी कुठलं चढतं. त्याला आठवत नसेल तर दुपारी एक तास शेजारी उभं राहून स्वतः बघा. तासाभराचं हे काम पुढचे दोन दिवस वाचवतं.

फक्त कूलंट चढतंय आणि ऑइल शांत आहे, तर इंजिनाच्या बाजूला शोधा: कूलंटची पातळी, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटरच्या आत बसलेला क्षार. फक्त ऑइल चढतंय तर ऑइल कूलर, नाहीतर कुठेतरी गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार होतेय. दोन्ही जोडीने चढत असतील तर संशय हवेवर घ्या, कारण बहुतेक मशीनमध्ये रेडिएटर आणि ऑइल कूलर या दोघांना मिळून एकच पंखा असतो.

आमच्याकडे ऑइल आधी चढायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कूलंट त्याच्यामागे, म्हणजे संशय हवेवरच.

मशीन मंद का पडतं हेही इथेच सांगतो, कारण पंपावर आळ येतो तो यामुळेच. हायड्रॉलिक ऑइल काम करताना साधारण 50 ते 80 अंशांत असावं. व्हीजी 46 हे नेहमीचं ऑइल घ्या. यातला 46 हा आकडा म्हणजे 40 अंशांना असलेला त्याचा घट्टपणा, सेंटिस्टोकमध्ये. तेच ऑइल 100 अंशांना गेलं की हा आकडा सातच्या आसपास उतरतो. इतकं पातळ ऑइल पंपातल्या, मोटरमधल्या, स्पूलमधल्या (ऑइलची वाट उघडणारी-बंद करणारी दांडी) बारीक फटींतून आतल्या आत निसटतं. निसटताना त्याचं प्रेशर जातं आणि त्या प्रेशरची उष्णता होते. ऑइल आणखी तापतं, आणखी पातळ होतं, आणखी निसटतं. बाहेरून आपल्याला दिसतं एवढंच की बूम उठत नाही, आणि बोट जातं पंपाकडे.

सकाळी थंड ऑइलवर मशीन जोरात चालतं का, हेही विचारून घ्या. सकाळी जोर आहे आणि दुपारी नाही, तर गोष्ट उष्णतेची आहे. सकाळपासूनच मंद असेल आणि काटाही खाली असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि पायलट फिल्टर बघा.

कूलरच्या आतली गोधडी

कूलरचं दार उघडलं तर समोरून सगळं चकचकीत. हेल्परने आदल्याच दिवशी एअर मारली होती. इथेच माणूस फसतो.

बहुतेक पोकलेनमध्ये पंखा हवा बाहेरून आत ओढतो: दाराच्या जाळीतून, कूलरमधून, मग इंजिनाकडे. धूळ बाहेरच्या अंगाला बसते. आता त्याच बाहेरच्या अंगाने एअर मारली तर धूळ ज्या दिशेने आली त्याच दिशेने आणखी आत जाते. वरवरची उडते, आतली घट्ट ठासली जाते. एअर नेहमी उलट बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर मारायची. तिकडे हात पोचत नाही, पंख्याचं आवरण आडवं येतं, म्हणून सगळे सोपी बाजू धरतात. पुढून वाकवलेली लांब पाईपची नोझल करून घेतली की काम होतं. तुमच्या मशीनचा पंखा हवा कुठल्या दिशेने नेतो ते आधी पक्कं करा. इंजिन हळू चालू ठेवून दाराच्या जाळीजवळ कागद धरला तर तो चिकटतो की उडतो यावरून कळतं. हात मात्र लांब.

दुसरी गोष्ट टॉर्चची. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग कूलरच्या मागे टॉर्च धरायची आणि समोरून बघायचं. स्वच्छ कूलरमधून उजेड चाळणीसारखा येतो. आमच्याकडे वरचा एक तृतीयांश भाग उजळला आणि खाली काळोख.

शेवटी एसीचा कंडेन्सर बाजूला काढला, बोल्ट सोडून ऑइल कूलर पुढे झुकवला. त्याच्या आणि मागच्या रेडिएटरच्या मधल्या सापटीत बोटभर जाड थर होता. धूळ, गवताची कुसं, किडे, सगळं तेलात भिजून एकजीव झालेलं. स्क्रू-ड्रायव्हरने कोपरा उचलला तर गोधडीसारखा अख्खा तुकडा सुटून आला. याला एअरने काय होणार? सगळ्याच मशीनमध्ये कूलर असे एकामागे एक नसतात, काहींत शेजारी-शेजारी असतात आणि ती रचना या बाबतीत बरीच बरी. पण एकामागे एक असतील तर ही सापट उघडून बघितल्याशिवाय "कूलर साफ आहे" असं म्हणू नका.

तो थर काढला, पण मला त्यातल्या तेलाने विचारात पाडलं. कोरडी धूळ एअरने उडते. तेल असेल तरच ती चिकटते. हे तेल आलं कुठून? कूलर पुसून कोरडा केला, मशीन तासभर चालवलं आणि पुन्हा बघितलं. कूलरच्या वरच्या होजचा जो फ्लँज असतो, त्याच्या खालच्या कडेला एक थेंब लटकत होता. ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली. थेंब पंख्याच्या ओढीने कूलरवर पसरायचा, त्यावर धूळ बसायची. इतका बारीक पाझर की टाकीतली पातळी महिनाभरातही हलली नसती. पंधरा मिनिटांचं काम होतं ते. पण ओ-रिंग न बदलता नुसता कूलर धुतला असता तर 46 नंतरचं अंतर कदाचित चाळीसवर आलं असतं. पाझर शोधताना जोडावर हात फिरवू नका. प्रेशरखालचं ऑइल सुईसारखं कातडीत शिरतं आणि ते प्रकरण थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. जोड सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, टाकीचं प्रेशर सोडा.

धुताना तीन गोष्टी पाळतो. एअर दोन बारच्या वर नेत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या पापण्या (कूलरचे पातळ पत्रे) लगेच दुमडतात आणि दुमडलेली पापणी म्हणजे कायमची बंद खिडकी. नोझल कूलरला काटकोनात धरतो, तिरकी नाही. आणि डिझेल वापरत नाही. डिझेलने मळ सुटतो खरा, पण मागे तेलकट पापुद्रा ठेवून जातो, म्हणजे पुढच्या धुळीला आयतं आमंत्रण. साबणाचं पाणी किंवा कूलरसाठीचा क्लीनर, नंतर साधं पाणी, मग पूर्ण वाळवणं.

आणि ती फोमची पट्टी! कूलरच्या चौकटीच्या आणि बॉडीच्या मधल्या फटीत काळ्या फोमच्या पट्ट्या असतात. धुताना त्या सुटतात आणि कचरा समजून फेकल्या जातात. आमच्या मशीनची वरची पट्टी कधी गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. ती नसली की इंजिनाकडची गरम हवा त्या फटीतून फिरून पुन्हा कूलरच्या तोंडाशी येते. पंखा थंड हवेऐवजी आपलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. कूलर आरशासारखा स्वच्छ असला तरी मशीन गरम. पट्टी बसवणं हे कुठल्याच 500 तासांच्या यादीत मी पाहिलेलं नाही.

काम झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. तापमान मोजायची साधी गन असते, तिने कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाईपचं तापमान घ्या. चकाकत्या धातूवर गन खोटं सांगते, म्हणून दोन्ही ठिकाणी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. आधी दुपारी तीनला आत 91, बाहेर 88 होतं. नंतर त्याच कामावर, त्याच वेळी आत 74 आणि बाहेर 66. फरक तीन अंशांवरून आठवर आला.

यात एक अडनिडी शक्यता लक्षात ठेवा. टाकी चटका बसेल इतकी गरम आणि कूलर मात्र कोमट, असं दिसलं तर ऑइल कूलरमधून जातच नाहीये. कूलरला डावलून टाकीत जाणाऱ्या वाटेवर एक बायपास वॉल्व्ह असतो, तो उघडा अडकलेला असू शकतो. तेव्हा कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

पट्टा, झाकण, पातळी

हे पटकन उरका, पण वगळू नका. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दहा किलोच्या जोराने दाबा आणि किती दबतो ते मॅन्युअलच्या मापाशी ताडा. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो घसरतोय, ताण बरोबर असला तरी बदला.

रेडिएटरचं झाकण हा फुकट दुर्लक्षिला जाणारा भाग. 0.9 बारचं झाकण नीट बसत असेल तर आतलं पाणी 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर फाटलं की तेच पाणी शंभरला उकळतं. गरम असताना उघडू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो. कूलंट म्हणून नुसतं पाणी भरत असाल तर रेडिएटरच्या नळ्यांत आतून क्षार बसतोच.

हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघताना मशीन कुठल्या स्थितीत उभं करायचं ते दारावरच्या स्टिकरवर दिलेलं असतं, आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. सिलेंडरचे रॉड बाहेर आहेत की आत, यावर टाकीतली पातळी वर-खाली होते. बूम हवेत ठेवून "ऑइल कमी दिसतंय" म्हणत डबा ओतणारे मी पाहिलेत.

उष्णता तयारच जास्त होत असेल तर

कूलरचं काम झाल्यावर आमचं मशीन अडीचशे तासांहून जास्त गप होतं. मग पुन्हा फोन. या वेळी वहीने वेगळंच सांगितलं: बकेट लावली की काही नाही, ब्रेकर लावला की दोन तासांत काटा वर.

प्रेशरचं ऑइल काही काम न करता टाकीत सुटलं की त्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. साधारण 350 बारचं ऑइल रिलीफ वॉल्व्हमधून (प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की उघडणारा वॉल्व्ह) सुटलं तर तेवढ्या एका उडीत त्याचं तापमान वीस अंशांच्या आसपास वाढतं. म्हणून ऑपरेटर सिलेंडर टोकाला गेल्यावरही लिव्हर ओढून धरत असेल, किंवा न हलणाऱ्या दगडावर बकेट दाबून रिलीफची किंचाळी ऐकत बसत असेल, तर कूलर कितीही चांगला असो, हरणारच. ऑपरेटरला दोष देण्याआधी मात्र एक तास केबिनजवळ उभं राहून ऐका.

ब्रेकरच्या लाइनला स्वतःचा रिलीफ असतो. आमच्याकडे तो ब्रेकरच्या कामाच्या प्रेशरपेक्षाही खाली सेट होता, म्हणजे प्रत्येक ठोक्याला थोडं ऑइल मार सोडून टाकीत पळत होतं. गनने मोजलं तर कंट्रोल वॉल्व्हवरचे बाकीचे रिलीफ सत्तरच्या घरात आणि हा एकटा 90 च्या वर. जो वॉल्व्ह शेजाऱ्यांपेक्षा वेगळा तापतो तो गळतोय, हे बकेट, आर्म, स्विंग सगळ्यांना लागू. सेटिंग मात्र प्रेशर गेज लावूनच करा, अंदाजाने स्क्रू फिरवू नका. ब्रेकरचं परतीचं ऑइल कंट्रोल वॉल्व्हमधून न फिरता फिल्टरमधून सरळ टाकीत जातंय का, तेही बघून घ्या.

मशीन लांब चालवत नेताना गरम होत असेल तर चेनचा ताण बघा. ताणून घट्ट केलेली चेन फायनल ड्राइव्हवर सतत ओझं टाकते. चिखलात चेन थोडी सैलच हवी, कारण चिखल स्प्रॉकेटमध्ये भरला की ती आपोआप ताणली जाते. सैल करताना ग्रीसचा वॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त उघडू नका आणि तोंड त्याच्यासमोर नेऊ नका. आतलं ग्रीस बंदुकीसारखं सुटतं.

वेळापत्रकात काय बदललं

मॅन्युअलमधले तास साध्या खोदकामासाठीचे असतात. ब्रेकरसाठी मॅन्युअलमध्येच वेगळा तक्ता असतो आणि तो कुणी उघडत नाही. ब्रेकर दिवसभर चालत असेल तर हायड्रॉलिक ऑइल आणि रिटर्न फिल्टर या दोघांचाही काळ निम्म्याच्याही खाली येतो. आम्ही वहीत ब्रेकरच्या तासांचा वेगळा रकाना केलाय.

रोज सकाळी डिझेलच्या सेपरेटरचं पाणी सोडताना हेल्पर कूलरमागे टॉर्च धरतो, दोन मिनिटांचं काम. दर पन्नास तासांनी उलट बाजूने एअर. दर 250 ला कंडेन्सर बाजूला करून सापट उघडायची, पट्ट्या जागेवर आहेत का बघायचं आणि गनचे दोन आकडे लिहायचे. एअर फिल्टरचा बाहेरचा जाड फिल्टर इंडिकेटर लाल झाला की साफ, आतला पातळ फिल्टर कधीच साफ करायचा नाही, फक्त बदलायचा.

हे सगळं करूनही ऑइल तापत असेल, कूलरच्या दोन्ही टोकांत फरक चांगला असेल, कुठलाच रिलीफ वेगळा तापत नसेल, तर पंपाच्या केस ड्रेनची लाइन (पंपात आतल्या आत निसटलेलं ऑइल टाकीत नेणारी) सोडून गरम ऑइलवर मिनिटाला किती लिटर येतंय ते मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. त्याहून जास्त आलं, तर आता पंप उघडा.